एकसष्टाव्या पायरीवरचं बाक

त्या चित्रात माझं तोंड उघडं आहे, हे आता मी चारचौघांत मान्य करते. पण त्या कबुलीपर्यंत गोष्ट यायला सत्तावीस दिवस लागले, आणि तेवढ्या दिवसांत एक पिवळा कागद, एक दंतवैद्य, दोन डबे निळा रंग आणि आमच्या आळीची सगळी अब्रू खर्ची पडली.

माझं घर शिओमी चढाच्या अगदी टोकाला आहे. समुद्रापासून मोजून एकशे बावीस पायऱ्या. गाडी येत नाही, सायकल येत नाही. टपालवाला येतो, पण तो तरुण आहे आणि त्याला त्याचा पगार मिळतो. माझी मुलगी मासाए हिरोशिमाला नवव्या मजल्यावर राहते. तिच्याकडे लिफ्ट आहे. त्या लिफ्टमध्ये न दिसणारी एक बाई गोड आवाजात सांगत असते, "दार बंद होत आहे." मला त्या बाईची भीती वाटते. आज ती दाराबद्दल बोलते, उद्या कशाबद्दल बोलेल सांगता येत नाही.

मासाएचा आणि माझा करार झालेला होता. जोवर मी ह्या पायऱ्या स्वतःच्या पायांनी चढते, तोवर मी माझ्या घरात राहायचं. ज्या दिवशी कुणाला मला हाताला धरून वर आणावं लागेल, त्या दिवशी बॅग भरायची. माझी मुलगी पक्की. तिनं हे कागदावर लिहून घेतलं आणि सहीऐवजी आमच्याकडे मारतात तो माझा शिक्का मारून घेतला.

मी तो शिक्का बिनघोर मारला, कारण एकसष्टाव्या पायरीवर बाक होतं. एका दमात मला साठ-एकसष्ट पायऱ्या होतात. मग पाच मिनिटं बसायचं, गुडघे चोळायचे, समुद्राकडे बघायचं आणि पुढच्या एकसष्ट चढायच्या. म्हणजे बाक आहे तर मी आहे. बाक नसेल तर नववा मजला.

हे बाक आमच्या ह्यांनी केलेलं. हे गोदीत सुतार होते. मासाए शाळेत जायला लागली त्या वर्षी एक जुनी फेरीबोट मोडीत निघाली, तिच्या डेकच्या फळ्या ह्यांनी खांद्यावरून वर आणल्या. बाक झालं ते डावीकडे तिरकं झालं. मी म्हटलं, "अहो, हे तिरकं आहे." हे म्हणाले, "समुद्रावर सरळ असं काही नसतं." शेजारच्या हात्सुमीच्या सासूनं लोणच्याच्या पिंपावरचा एक दगड दिला, तो डाव्या पायाखाली सारला, तरी थोडं तिरकं राहिलंच. त्यामुळे दोघं बसलो की मी आपोआप ह्यांच्याकडे घसरायची. ह्यांना जाऊन चौदा वर्षं झाली. मी अजून घसरते. आता डाव्या अंगाला भाजीची पिशवी ठेवते, एवढाच फरक.

तर मे महिन्यात एका सकाळी बाकावर पिवळा कागद चिकटवलेला दिसला. "ही वस्तू कोणाची आहे हे आढळून आलेले नाही. तीस दिवसांत मालक पुढे न आल्यास ती हटवण्यात येईल. गैरसोयीबद्दल मनःपूर्वक क्षमस्व." खाली कमरेत वाकून माफी मागणाऱ्या माणसाचं चित्र होतं. आमच्याकडे माणसाला घराबाहेर काढतानाही आधी वाकतात.

मी चांगला किमोनो नेसून नगर कार्यालयात गेले. रस्ते विभागाच्या खिडकीवर म्हणाले, पायऱ्या आमच्या, पण बाक ही बसायची वस्तू, ती बाग विभागाकडे. बाग विभाग म्हणाला, आसपास एक तरी झाड आमच्या यादीतलं असेल तर ते बाक आमचं. झाड होतं, पण ते देवळाचं निघालं. शेवटी तिसऱ्या खिडकीवर एनामी-सान नावाचे एक सडपातळ गृहस्थ भेटले. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि मग विचारलं, "आजी, बाक आपलं आहे का?"

"आमच्या ह्यांनी केलंय," मी अभिमानानं म्हटलं.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "जरा जपून बोला. आपलं असेल, तर आपण पन्नास-एक वर्षं सार्वजनिक रस्ता विनापरवाना अडवला आहे. सात दिवसांत आपल्यालाच काढून टाकावं लागेल."

"आणि माझं नसेल तर?"

"तर बेवारस. तीस दिवसांनी आम्ही काढू." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "बेवारस असेल तर तेवीस दिवस जास्त मिळतात."

बेचाळीस वर्षांचा संसार केलेली बाई मी. पण त्या खिडकीसमोर मान ताठ ठेवून सांगितलं, "मी ह्या बाकाला ओळखत नाही." घरी येऊन ह्यांच्या फोटोपुढे उदबत्ती लावली आणि जरा लांबच बसले.

आळीला बातमी कळायला वेळ लागला नाही. हात्सुमी माझ्याहून तीन वर्षांनी लहान, म्हणजे एक्क्याऐंशीची. तिला प्रत्येक संकटावर तीन उपाय सुचतात आणि तिन्हींत मला काहीतरी उचलावं लागतं. "किनुए-सान, मासे पकडणाऱ्यांची घडीची खुर्ची असते ना, ती पाठीला बांधून चढायचं."

"मला चढायला बळ नाही म्हणून बाक हवंय आणि तू मला खुर्ची घेऊन चढ म्हणतेस?"

"मग उशी. पायरीवर टाकायची."

"आणि उठवणार कोण? तू?"

"तेही खरंच," ती म्हणाली. "मग आपण भाजी खायचंच सोडू या."

आळीमंडळाचे अध्यक्ष कुरामोची-सान हे निवृत्त स्टेशनमास्तर. ते अजून शिट्टी बाळगतात. त्यांनी ठरवलं, अर्ज करायचा, आणि तो आळीच्या फिरत्या पाटीवर लावायचा. ही पाटी घरोघरी जाते. वाचली की शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी द्यायची. तेरा घरांचे तेरा शिक्के हवेत. त्यांतली सात घरं गेली कित्येक वर्षं कुलूपबंद. पाटी चौथ्या घरी दारात ठेवली गेली आणि तिथंच राहिली, कारण नियमाप्रमाणे घरवाल्यानं शिक्का मारल्याशिवाय ती उचलता येत नाही, आणि त्या घरात राहते फक्त एक मांजर. चार दिवस आम्ही सगळे येता-जाता पाटीकडे बघायचो, पण हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही. शेवटी पाऊस आला आणि अर्ज वाहून गेला.

दहा दिवस असे गेले. अकराव्या दिवशी मी बाकावर बसले होते, तर एकोणपन्नासाव्या पायरीवर एक माणूस गुडघे वाकवून उभा. पन्नाशी उलटलेली, नीट भांग, पाठीला सॅक. त्यानं प्लॅस्टिकच्या पिशवीतलं एक छापील पान डोळ्यांसमोर धरलं होतं. कधी पानाकडे बघे, कधी माझ्याकडे. मग अर्धं पाऊल डावीकडे सरके. मला वाटलं, पोलीस. बेवारस बाकावर बसल्याबद्दल आता हे मलाच नेणार.

वर येऊन त्यानं आधी बाकाला वाकून नमस्कार केला. मग मला. "माफ करा. मी ओबाता. सेंदाईहून आलोय. व्यवसायानं दंतवैद्य. हेच ना तिसऱ्या भागातलं सत्तेचाळीसावं पान?"

कुणी माझं घर विचारलं असतं तर सांगितलं असतं. मी पान असल्याचं मला माहीत नव्हतं.

मग कळलं ते असं. एक मंगा निघते, म्हणजे चित्रकथा; अकरा भाग झालेत. तिचं नाव इतकं लांब आहे की ओबाता-सानना ते सांगताना मधे श्वास घ्यावा लागला. तिच्यातली नायिका आमच्यासारख्याच एका शहरात राहते आणि ते शहर म्हणजे आमचंच शहर. चित्रकार आणि त्यांच्याकडे पार्श्वभूमी काढणारे लोक येऊन फोटो घेऊन गेले होते म्हणे. बंदराचं घड्याळ, रेल्वेचं फाटक, आमच्या पायऱ्या, सगळं जसंच्या तसं. वाचक मग ती ठिकाणं शोधत येतात, पान धरून बरोबर त्याच जागी उभे राहतात, आणि चित्र आणि जग एकमेकांवर बसलं की त्यांना भरून येतं. देवदर्शनासारखंच. ओबाता-सान दर सुट्टीत असे हिंडत. त्यांची बायको त्यांना विमानतळापर्यंत सोडायची आणि मग मैत्रिणींबरोबर गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायची. दोघंही सुखी.

"बघा," असं म्हणून त्यांनी पान माझ्या हातात दिलं.

अर्ध्या पानाचं चित्र. आमचं बाक. फळीवरची भेग, वाकडा खिळा, डाव्या पायाखाली लोणच्याचा दगड, पायऱ्यांवरचं शेवाळ, सगळं होतं. उजव्या टोकाला नायिका पत्र उघडत बसलेली, डोळ्यांत पाणी. आणि डाव्या टोकाला, पिशवीतून पातीचा कांदा वर आलेली, मान मागे टाकलेली, तोंड उघडं टाकून झोपलेली एक म्हातारी. उघडं म्हणजे किती? चिमणीनं घरटं केलं असतं.

"बिचारी," मी पदरासारखी बाही तोंडाशी धरत म्हटलं. "कोण असेल हो?"

ओबाता-साननी नजर समुद्राकडे वळवली. ते सभ्य होते. हात्सुमी नव्हती. ती नेमकी तेवढ्यात खाली उतरत होती. तिनं पान पाहिलं आणि कठड्याला धरून हसायला लागली. "किनुए-सान! अगं तूच ही! तोच कांदा!"

"कांदे सगळे सारखेच असतात."

"आणि तोंड?"

"मी झोपताना तोंड मिटते," मी म्हटलं. "मी कारकुनाची मुलगी आहे."

त्या दिवसापासून मी बाकावर बसताना ओठ घट्ट मिटून बसायला लागले. श्वासाला त्रास व्हायचा, पण घराण्याचा प्रश्न होता. जन्मभर हसतानाही तोंडापुढे हात धरला, तो काय अर्ध्या देशानं माझ्या दाढा मोजाव्यात म्हणून?

पण ओबाता-सान सज्जन निघाले. पिवळा कागद पाहून त्यांचा चेहरा उतरला. ते तडक नगर कार्यालयात गेले, आणि तिथं असं उघडकीला आलं की तिसऱ्या खिडकीवरचे एनामी-सानही त्या मंगाचे वाचक. टेबलाच्या खणात अकराही भाग. त्यांनी मला फोन केला तेव्हा त्यांचा आवाज वेगळाच होता. "आजी, आपण आधी का नाही सांगितलंत की ते सत्तेचाळीसावं पान आहे म्हणून? एक नियम आहे. कथेत आलेली आणि लोक जी बघायला येतात अशी वस्तू 'स्मरणीय देखावा' म्हणून नोंदवता येते. मग ती नगराची होते. कुणी काढू शकत नाही."

"मग नोंदवा की!"

"आमच्या विभागप्रमुख सेन्बा-सान स्वतः येऊन पाहतील. वस्तू आणि चित्र जुळलं पाहिजे. सत्ताविसाव्या दिवशी दुपारी एक वाजता."

आता इथून पुढे जे झालं त्यात माझाही हात आहे, हे मी आधीच सांगते. सगळं खापर कुरामोची-सानवर फोडणं बरं नव्हे.

आळीत पाहुणे येणार. तेही विभागप्रमुख. मग आपण काय करतो? साफसफाई! ह्यात विचार करण्यासारखं काही आहे असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. रविवारी सकाळी सातला कुरामोची-सानची शिट्टी वाजली आणि सहा घरांतली नऊ माणसं, एकूण वय सातशेच्या वर, डोक्याला रुमाल बांधून कामाला लागली. आम्ही पायऱ्या तारेच्या ब्रशनं घासल्या. पन्नास वर्षांचं शेवाळ दुपारपर्यंत गेलं. वाकडा खिळा कुरामोची-साननी उपटून नवा ठोकला. भेगेत पुट्टी भरली. लोणच्याचा दगड काढून त्याजागी सिमेंटची चौकोनी वीट बसवली, त्यामुळे बाक आयुष्यात पहिल्यांदा सरळ झालं. मग हात्सुमी म्हणाली, "समुद्राचा रंग देऊ या," आणि आम्ही बाकाला आकाशी निळा रंग दिला, दोन हात. मी स्वतः दिला. उरलेल्या रंगात दोन कुंड्याही रंगवल्या.

संध्याकाळी आम्ही सगळे खालच्या पायरीवर उभं राहून वर बघत होतो. इतकं सुंदर दिसत होतं! कुरामोची-सानच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या स्टेशनाला बक्षीस मिळालं होतं," ते म्हणाले, "पण तेही एवढं स्वच्छ नव्हतं."

तपासणीला तीन दिवस उरले होते. दुसऱ्या दिवशी ओबाता-सान सेंदाईहून खास आले. मी बाकाजवळून त्यांना येताना पाहिलं. एकोणपन्नासाव्या पायरीवर थांबले. पान धरलं. खाली घेतलं. पुन्हा धरलं. मग साठाव्या पायरीपर्यंत आले, इकडेतिकडे पाहिलं आणि मला विचारलं, "माफ करा, एकसष्टावी पायरी कुठं आहे?"

"हीच की."

त्यांनी बाकाकडे पाहिलं. आमच्यात मोठी माणसं मोठ्यानं रडत नाहीत. त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, आणि म्हणाले, "फार... टापटीप झालंय."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चित्र आणि वस्तू जुळली पाहिजे. आणि आम्ही नऊ जणांनी मिळून ती वस्तूच पुसून टाकली होती.

कुरामोची-सान माझ्या दारात आले आणि उंबऱ्यापाशी कपाळ टेकवून पडून राहिले. मी म्हटलं, "उठा हो. माझाही ब्रश त्यात होताच." ते म्हणाले, "मी पाच मिनिटं असाच राहणार आहे." त्यांनी घड्याळ लावून पाच मिनिटं घेतली. मग उठून शिट्टी वाजवली. आता उलटं काम सुरू झालं.

नवं जुनं करणं किती अवघड असतं हे आमच्या वयाच्या माणसांना कळायला हवं होतं, कारण जुनं नवं करायचे सगळे उपाय आम्ही स्वतःवर करून पाहिलेच होते. काचकागदानं रंग निघाला, पण खालून लाकूड निघालं ते दुधासारखं गोरंपान. त्याला कडक चहा चोपडला. पिवळं झालं, कावीळ झाल्यासारखं. मग हात्सुमी म्हणाली, सोया सॉस. दोन बाटल्या ओतल्या. रंग खरंच छान आला. पण दुपारी ऊन तापलं आणि बाकाला भाजलेल्या ईल माशासारखा वास सुटला. बंदरातले सगळे कावळे येऊन कठड्यावर रांगेत बसले. चौथ्या घरातलं मांजर, जे अर्जावर शिक्का मारायला कधी बाहेर आलं नव्हतं, ते स्वतः येऊन बाक चाटू लागलं.

शेवाळासाठी देवळामागून खरवडून आणलं आणि भाताच्या पेजेनं पायऱ्यांना चिकटवलं. पेज मुंग्यांना आवडली. आणि लोणच्याचा दगड? तो हात्सुमीनं रविवारीच घरी नेऊन मुळ्याच्या पिंपावर ठेवला होता.

"दे परत."

"मुळे आत्ताच घातलेत. दाब निघाला तर खराब होतील."

"हात्सुमी, माझं घर जातंय."

तिनं बाह्या वर केल्या. मग आत जाऊन तो वीस किलोचा दगड कुरामोची-सानच्या डोक्यावर देऊन बाहेर आली. "मुळे दर वर्षी येतात," ती म्हणाली. एवढंच. तिचे ते मुळे खरंच नासले, आणि तिनं त्याबद्दल मला अजून एकदाही ऐकवलेलं नाही. फक्त दर हिवाळ्यात मला लोणचं देताना म्हणते, "ह्या वर्षीचं चांगलं झालंय हो."

तपासणीच्या दिवशी मासाएही आली. कुणी तिला कळवलं देव जाणे. तिच्या हातात एक चकचकीत माहितीपत्रक होतं. तिच्याच इमारतीत चौथ्या मजल्यावर जागा रिकामी झाली होती. "आई, तुझ्यासाठी पाच मजले खाली," ती म्हणाली. ते प्रेमच होतं, मला कळत होतं. म्हणून जास्त भीती वाटली.

एक वाजता सेन्बा-सान आल्या. बारीक चणीच्या, करडा कोट, हातात फूटपट्टी. मागे एनामी-सान पांढऱ्याफटक चेहऱ्यानं. सेन्बा-सान एकोणपन्नासाव्या पायरीवर उभ्या राहिल्या, पान धरलं आणि यादीवर खुणा करू लागल्या.

"फळ्यांचा रंग, जुळत नाही. भेग, दिसत नाही. खिळा, नवा. शेवाळ..." त्यांनी बोटानं उचललं. पापुद्रा अख्खा हातात आला. "शेवाळ, चिकटवलेलं. दगड, जुळतो." त्यांनी हुंगून पाहिलं. "सोया सॉस?"

"थोडासा," कुरामोची-सान म्हणाले.

ओबाता-सान पुढे झाले. "माझ्याकडे साफसफाईच्या आधीचे फोटो आहेत."

"नियमात फोटो नाहीत. आज जे आहे ते पाहून लिहायचं." सेन्बा-सानचा आवाज कठोर नव्हता, हे सांगायला हवं. "चित्रातलं जे बाक आहे ते हेच, असं सिद्ध करणारं एकही चिन्ह इथं शिल्लक नाही. मला वाईट वाटतं." आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

मी बाकाकडे पाहिलं. ह्या बाकाला मी एकदा ओळखत नाही म्हटलं होतं. पुन्हा तेच करून घरी कुठल्या तोंडानं जायचं? आणि कुठलं घर?

"एक चिन्ह आहे," मी म्हटलं. "ती म्हातारी मी आहे."

सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. हात्सुमीसुद्धा.

"आई!" मासाए हळूच म्हणाली. ती पण कारकुनाची नात.

सेन्बा-साननी पान पाहिलं, मला पाहिलं. "असं कुणीही म्हणेल. चित्रात चेहरा अर्धाच दिसतो. दिसतं ते मुख्यतः..."

"तोंड," मी म्हटलं. "सांगा की. तोंड दिसतं. मी दाखवते."

हात्सुमी धावत जाऊन पातीचा कांदा घेऊन आली. पिशवी डाव्या अंगाला ठेवली. मी बसले, मान मागे टाकली आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदा परपुरुषांसमोर, हात न धरता, तोंड उघडलं.

"नैसर्गिक वाटत नाही," एनामी-सान कळवळून म्हणाले. "गाणं म्हणत असल्यासारखं वाटतंय."

"थोडं सैल," ओबाता-सान म्हणाले. दंतवैद्यच ते. "जीभ खाली. आता 'आ' म्हणू नका, नुसतं राहा."

"अगं, खरंच झोप ना!" हात्सुमी म्हणाली.

"सगळे माझ्याकडे बघत असताना?"

सेन्बा-साननी घड्याळ पाहिलं. "माझी बोट तीनला आहे," असं म्हणून त्या खालच्या पायरीवर रुमाल अंथरून बसल्या. त्यांच्यामागे बाकीचेही बसले. कावळेही बसलेलेच होते.

मी डोळे मिटले. तीन दिवस घासून, खरवडून, सोया सॉस ओतून हाडं ठणकत होती. पाठीला ऊन लागत होतं. खालून फेरीबोटीचा भोंगा आला. दगड परत जागेवर होता, त्यामुळे बाक पुन्हा तिरकं झालं होतं, आणि मी आपली सवयीनं डावीकडे घसरले...

पुढचं मी पाहिलेलं नाही, हात्सुमीकडून ऐकलंय. मी म्हणे पाच मिनिटांत घोरायला लागले. तोंड उघडलं ते चित्राहूनही दोन अंगुळं जास्त. ओबाता-साननी सॅकमधून छोटा आरसा आणि बॅटरी काढली, कमरेत वाकून माझी क्षमा मागितली आणि आत पाहिलं. मग पान पाहिलं. मग खड्या आवाजात, कोर्टात साक्ष द्यावी तसं म्हणाले, "वरच्या उजव्या बाजूची दुसरी दाढ नाही. चित्रातही नाही. तिच्या पुढच्या दातावर कोपऱ्यात टवका आहे. चित्रातही आहे. घसरण्याचा कोन तोच. तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, ह्या त्याच बाई आहेत, आणि ह्या ज्याच्यावर घसरल्यात ते तेच बाक आहे."

टाळ्यांच्या आवाजानं मी जागी झाले. आधी तोंड मिटलं. मग पाहिलं तर एनामी-सान रडत होते, कुरामोची-सान शिट्टी फुंकत होते, आणि सेन्बा-सान उभ्या राहून लिहीत होत्या. त्यांनी लिहिलेलं वाचून दाखवलं: "वस्तूचे बाह्य रूप जुळत नाही. वापर करणारी व्यक्ती पूर्णपणे जुळते. सबब, नोंद मंजूर. नोंदीचे नाव: बाक, वापर करणाऱ्या व्यक्तीसह."

"व्यक्तीसह?" मासाएनं विचारलं. "म्हणजे उद्या आईला हिरोशिमाला न्यायचं झालं तर?"

"देखावा अपुरा होईल," सेन्बा-सान म्हणाल्या. "परवानगी लागेल. रस्ते विभाग, बाग विभाग आणि आमचा विभाग."

"तीन खिडक्या," मी म्हटलं. "आणि चहा फक्त शेवटच्या खिडकीवर मिळतो."

मासाए हसायला लागली. हसताना तिनं तोंडापुढे हात धरला नाही. तिची ती दाढ माझ्यासारखीच गेलेली आहे, हे मला तेव्हा कळलं. तिनं ते माहितीपत्रक घडी करून बाकाच्या पायाखाली, दगडाशेजारी सारायला घेतलं, तर एनामी-सान ओरडले, "नको! सरळ होईल!"

आता बाकावर पितळेची छोटी पट्टी आहे. लोक येतात, एकोणपन्नासाव्या पायरीवर पान धरून उभे राहतात, आणि मी असले तर फारच खूश होतात. कुणी मोची, म्हणजे तांदळाचे मऊ लाडू आणतं, कुणी संत्री. सगळे आशेनं माझ्या तोंडाकडे बघतात. मी ते मिटून ठेवते. पण दुपारी ऊन असलं, भोंगा झाला, की माझा इलाज चालत नाही. शेवाळ पुन्हा धरू लागलंय, स्वतःचं स्वतः. आळीत ब्रशला बंदी आहे.

ह्यांच्या फोटोपुढे मी आता जवळ बसते. पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, बाक तुम्हीच केलंत, फक्त कार्यालयात बोलू नका.

गेल्या वसंतात ओबाता-सान बायकोला घेऊन आले होते. जाताना फार संकोचून म्हणाले, "आजी, ती दाढ मी बसवून देऊ का? माझ्याकडून भेट म्हणून."

मी त्यांचे आभार मानले आणि नको म्हटलं. नोंद झालेल्या देखाव्यात परस्पर बदल करता येत नाही.